कोयता, कागद आणि कॉलेज: गरजू मुलांना बारावीनंतर पुढं पाठवू पाहणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की आठवडाभर माझा फोन वाजत असतो. "ताई, पोराला बहात्तर टक्के पडलेत, सीईटी पण बरी गेलीय. कुठं नंबर लागंल?" मी टक्क्यांवर काही बोलायच्या आधी एकच विचारते, "व्हॅलिडिटी काढलीय का?" म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. पलीकडून "ते काय असतं?" असं आलं, की त्या पोराचं अर्धं वर्ष धोक्यात आहे हे मला कळतं.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही चार-पाच जण हे काम करतो. आमच्याकडची बहुतेक मुलं ऊसतोड कामगारांची आहेत. मदत करायला येणाऱ्या चांगल्या माणसांना वाटतं की या मुलांचं अडतं ते फीच्या पैशावर. काही वेळा तसं असतंही. पण महाराष्ट्रात फीसाठी सरकारी योजना बऱ्याच आहेत, आणि त्यातल्या कितीतरी योजना खरोखर पैसे देतात. मुलं अडतात ती कागदावर, तारखेवर आणि शहरात गेल्यावरच्या पहिल्या चार महिन्यांवर. हा लेख त्या तिन्हींसाठी आहे. तुम्ही शिक्षक असाल, ग्रामसेवक असाल, पुण्यात नोकरीला असून गावाकडच्या भाच्याला हात द्यायचा असेल, तरी पायऱ्या याच.

एक सुरुवातीलाच सांगते. पहिल्या वर्षी दोन किंवा तीनच मुलं घ्या. तीस मुलांना एकदा मार्गदर्शन शिबिरात बसवून भाषण देण्यापेक्षा एका मुलीसोबत तहसीलला चार खेपा घालणं जास्त कामाचं आहे.

पहिली पायरी: अकरावीच्या जूनमध्ये घरी जा

बारावीच्या निकालानंतर सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. अकरावीला प्रवेश झाला की लगेच कामाला लागा, म्हणजे हातात जवळपास दोन वर्षं राहतात.

आमच्याकडे याला आणखी एक कारण आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडं निघतात, पश्चिम महाराष्ट्रात किंवा थेट कर्नाटकात. परततात मार्च-एप्रिलला. म्हणजे ज्या सहा महिन्यांत शाळा-कॉलेज, बोर्डाचे फॉर्म, सीईटीचे म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचे अर्ज चालू असतात, नेमके तेवढेच महिने आई-बाप गावात नसतात. सही त्यांची लागते, आधारचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जातो, आणि मोबाइल फडात चार्जिंगविना पडलेला असतो. म्हणून पालकांची सही, अंगठा किंवा प्रतिज्ञापत्र लागणारं प्रत्येक काम जून ते दिवाळी या काळात उरकायचं. तुमच्या भागात स्थलांतर वीटभट्टीचं असेल, मासेमारीचं असेल, तर तुमचं पंचांग वेगळं असेल. ते आधी समजून घ्या आणि मग तारखा ठरवा.

घरी गेल्यावर योजनांची यादी वाचून दाखवू नका. आधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, किती घेतलीय ते कळू द्या. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, तेव्हा अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी म्हणजे घरासाठी आणखी अर्धा कोयता असतो. तो कोयता कमी झाल्यावर घराचं काय होईल, हा बापाचा प्रश्न खरा आहे. त्याला "शिक्षणाचं महत्त्व" सांगून उत्तर मिळत नाही. एका बापानं मला विचारलं होतं, "पोरगी पुण्याला गेली तर पहिल्या महिन्याला आम्ही किती धाडायचं, तेवढं सांगा ताई. बाकी मला कळत नाही." तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता मी वहीत आकडे मांडून मगच घरी जाते.

धाकट्या भावंडांचीही चौकशी करा. आठवीत कुणी असेल आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल, तर एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असून मूल निवडलं गेलं, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. घरात हे पैसे आले की शिक्षणाबद्दलचा सूर बदलतो, हे मी स्वतः पाहिलंय.

दुसरी पायरी: नावाची जुळणी

एक प्लास्टिकची फाइल आणि एक दोनशेपानी वही घ्या. वहीच्या पहिल्या पानावर मुलाचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसं, अक्षर न् अक्षर उतरवा. मग त्याखाली आधारवरचं नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं, जातीच्या दाखल्यावरचं, बँक पासबुकातलं. बापाचं नावही असंच सगळीकडून. आमच्याकडे एकाच घरात बाप एका कागदावर 'बाबुराव', दुसऱ्यावर 'बाबू', तिसऱ्यावर 'बाबासाहेब' निघतो. जन्मतारखाही तपासा. दुरुस्तीला वेळ लागतो, आणि ती निकालानंतर करायला गेलात तर तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपतात.

मुलासाठी स्वतःचं सिमकार्ड घ्या आणि तोच नंबर आधारला जोडा. पुढची पाच-सहा वर्षं तो बदलायचा नाही आणि बंद पडू द्यायचा नाही. ईमेल मुलाच्या नावानं उघडा. हे मी जोर देऊन सांगते, कारण कॅफेवाले घाईत स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकून फॉर्म भरून देतात. पुढं पासवर्ड विसरला की मूल त्या दुकानाभोवती चकरा मारतं. सगळे लॉगिन आयडी आणि पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर, मुलाच्या हातानं लिहिलेले हवेत.

बँक खातं मुलाच्या नावाचं हवं आणि ते आधारशी सीड केलेलं, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी जोडलेलं हवं. खात्याला आधार नंबर 'दिलेला' असणं आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी सीड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे सीड असलेल्या खात्यातच जातात. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक सीड आहे ते दिसतं. ते पाहा, वहीत लिहा. गावात पोस्टमन असेल तर टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचं खातं घरबसल्या निघतं.

तिसरी पायरी: दाखले, आणि त्यातही व्हॅलिडिटी

उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास-राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर हे सगळे आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात होतात. यांवर फार लिहीत नाही, तीनच गोष्टी ध्यानात ठेवा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, तलाठ्याचा अहवाल हा त्याचा फक्त पहिला टप्पा आहे. नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांना लागतं, अनुसूचित जाती-जमातींना नाही. आणि ज्या वर्षी प्रवेश, त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असायला हवं. गेल्या वर्षीचं काढून ठेवलंय म्हणून निश्चिंत राहिलेली मुलं इथंच अडकतात. खुल्या गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलांसाठी ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला वेगळा काढावा लागतो.

आता जात वैधता प्रमाणपत्र. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, तो जिल्हा जात पडताळणी समितीकडून तपासून घ्यावा लागतो. अनुसूचित जमातींची समिती वेगळी आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची प्रत कॉलेजच्या शिफारसपत्रासह आणि प्रतिज्ञापत्रांसह समितीकडे द्यायची. अकरावी-बारावीत असतानाच हा अर्ज करता येतो.

समितीला काय बघायचं असतं ते समजलं की काम सोपं होतं. त्यांना हवा असतो मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या आधीचा पुरावा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधी आजोबा, पणजोबा किंवा चुलत आजोबांच्या नावापुढं जात लिहिलेला सरकारी कागद शोधायचा. सर्वांत चांगला म्हणजे आजोबांच्या प्राथमिक शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर त्यांचे भाऊ गेले होते का ते विचारा. नाहीच तर जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, कोतवाल बुक, खासरा पाहणी पत्रक. मराठवाड्यात जुन्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत सापडतात, तेव्हा भाषांतर करून घ्यावं लागतं.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारा: "भावकीत कुणाची व्हॅलिडिटी झालीय का?" वडील, सख्खी आत्या, काका, चुलत भाऊ, कुणाचीही असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडलं की अर्धं काम झालं. ही माहिती बापाला नसते, भावकीतल्या एखाद्या म्हातारीला असते. म्हणून मी चुलीपाशी बसून वंशावळ काढते. वहीचं आडवं पान, वर खापरपणजोबा, खाली फांद्या. आजी नावं सांगते, पोरगी लिहिते. एकदा अशाच पानावर पुण्याला पोलिसात असलेला एक चुलत चुलता सापडला, त्याची व्हॅलिडिटी होती, आणि दोन महिन्यांचं काम तीन आठवड्यांत झालं.

आमची पहिली चूक इथंच झाली. मी नुकतीच या कामात आले होते. भटक्या जमाती ड गटातली एक मुलगी, सीईटीला चांगली पर्सेंटाइल, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजला नंबर लागला. व्हॅलिडिटीचा अर्ज आम्ही दाखल केला जूनमध्ये. समितीनं आजोबांचा पुरावा मागितला, निर्गम उताऱ्यात नावात फरक निघाला, बाप त्या वेळी रस्त्याच्या कामावर परजिल्ह्यात. मुदत संपली तेव्हा प्रमाणपत्र हातात नव्हतं आणि राखीव जागा गेली. खुल्या गटातून तिला ते कॉलेज मिळण्यासारखं नव्हतं. तिनं जवळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. तिनं मला कधी बोल लावला नाही. पण तो अर्ज आदल्या जूनमध्ये जायला हवा होता, आणि ते सांगायचं काम माझं होतं. काही वर्षी सरकार पावतीवर प्रवेश देऊन प्रमाणपत्रासाठी मुदत वाढवून देतं. त्या मुदतवाढीच्या भरवशावर कुणाचं वर्ष टांगू नका.

चौथी पायरी: अभ्यास

इथं तुम्ही क्लास उघडायची गरज नाही. तीन गोष्टी केल्या तरी फरक पडतो.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं मूल अकरावी विज्ञानात एकदम इंग्रजीत जातं आणि गप्प होतं. त्याला विषय कळत नाही असं नसतं, शब्द कळत नसतात. पहिल्या दोन महिन्यांत एक शब्दवही करून घ्या: त्वरण म्हणजे ॲक्सलरेशन, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी, पेशीभित्तिका म्हणजे सेल वॉल. रोज दहा शब्द. दिवाळीपर्यंत मूल वर्गात हात वर करू लागतं.

दुसरं, एमएचटी-सीईटीची रचना समजावून सांगा. पेपर २०० गुणांचा, गणित किंवा जीवशास्त्राला १००, भौतिक आणि रसायनाला प्रत्येकी ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळं एकही प्रश्न सोडायचा नसतो. साधारण २० टक्के भाग अकरावीचा, ८० टक्के बारावीचा. म्हणजे बारावीचा बोर्डाचा अभ्यास नीट केलेल्या मुलाचं सीईटीचं मोठं काम झालेलंच असतं. बोर्डाकडं दुर्लक्ष करायचं नाही, कारण इंजिनिअरिंगला बारावीत ठरावीक विषयांत खुल्या गटाला ४५ आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात.

तिसरं, परीक्षा संगणकावर असते. आमच्या कितीतरी मुलांनी माऊस हातात धरलेला नसतो. गावातल्या संगणक क्लासच्या मालकाला विनंती करून रविवारी दोन तास मागून घ्या. पहिल्या रविवारी एक मुलगा माऊस उचलून हवेत हलवत होता आणि बाण का सरकत नाही म्हणून रडवेला झाला होता. सहाव्या रविवारी त्यानं दीड तासात पूर्ण सराव पेपर सोडवला. सरावाच्या प्रश्नांसाठी महागडा संच लागत नाही.

मोफत शिकवणीच्या सरकारी वाटाही आहेत. नागपूरची महाज्योती ही संस्था ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या दहावी पास मुलांना जेईई, नीट आणि सीईटीसाठी ऑनलाइन शिकवणी आणि टॅब देते. अर्ज दहावीच्या निकालानंतर निघतात. अनुसूचित जातींसाठी बार्टी आणि मराठा समाजासाठी सारथी या पुण्यातल्या संस्थांच्या योजनांवरही लक्ष ठेवा.

पाचवी पायरी: वाट ठरवताना

सगळ्यांना इंजिनिअरिंगच्या रांगेत उभं करू नका. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा ही गरीब घरासाठी फार चांगली वाट आहे, असं माझं मत आहे. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, सीईटी लागत नाही, डिप्लोमा झाल्यावर नोकरी धरता येते, आणि शिकायचं असेल तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआय आहे, बी.एस्सी. नर्सिंग आहे, कृषी आहे, बारावीनंतरची पाच वर्षांची वकिली आहे. यांतल्या बऱ्याच अभ्यासक्रमांना वेगळी सीईटी असते आणि तिचे अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी बंद होतात. २०२४पासून बीबीए-बीसीएलाही राज्याची सीईटी आलीय. "बीसीएला कसली आलीय सीईटी?" म्हणून बसून राहिलेली मुलं जूनमध्ये भेटतात. डिसेंबर लागला की दर आठवड्याला राज्य सीईटी कक्षाचं संकेतस्थळ उघडून पाहायची सवय लावा, मुलालाच लावा.

सहावी पायरी: कॅप राउंडचा फॉर्म

केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, म्हणजे कॅपचा, क्रम असा: नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, मग पसंतीक्रम आणि फेऱ्या. तात्पुरत्या यादीत मुलाचं नाव, प्रवर्ग, गुण तुम्ही स्वतः डोळ्यांनी तपासा. चूक दुरुस्त करायची खिडकी दोन-तीन दिवसांचीच असते.

पसंतीक्रम भरताना सगळ्यांना एक भीती असते: वरचं कॉलेज आधी टाकलं आणि ते नाही मिळालं, तर खालचंही जाईल. तसं होत नाही. यंत्रणा यादी वरून खाली वाचत येते आणि जिथं गुणवत्तेनं जागा मिळते तिथं थांबते. म्हणून जे खरोखर सर्वांत जास्त हवंय ते वर, त्याखाली त्याहून कमी हवं असलेलं. मात्र पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. तेव्हा पहिल्या ओळीत नुसतं नाव मोठं म्हणून काही लिहू नका.

गेल्या वर्षीचे कटऑफ पाहताना प्रवर्गाचे संकेत वाचायला शिका. सुरुवातीला एल असेल तर ती जागा मुलींची, एनटी३ म्हणजे भटक्या जमाती ड. आणि ज्या चॉइस कोडच्या शेवटी टी असतं, ती शिक्षण शुल्क माफीची म्हणजे टीएफडब्ल्यूएसची जागा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुणालाही, खुल्या गटातल्यालाही, या जागांवर गुणवत्तेनं शिक्षण शुल्क माफ होतं. हे टी असलेले कोड वेगळे भरावे लागतात. माहीत नसल्यानं मुलं ते भरतच नाहीत.

एजंटांपासून मुलाला सांभाळा. "कॅपची कटकट नको, मी मॅनेजमेंट कोट्यात बसवतो, शिष्यवृत्ती नंतर लावू," असं सांगणारा माणूस खोटं बोलतोय. फीच्या बहुतेक मोठ्या सवलती कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच मिळतात. मंजूर फीपेक्षा वर मागितलेलं कॅपिटेशन १९८७च्या कायद्यानं गुन्हा आहे. खाजगी व्यावसायिक कॉलेजची मंजूर फी किती, ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहून वहीत लिहून ठेवा.

मूळ शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजात जमा होतो. त्याआधी सगळ्या कागदांचे रंगीत स्कॅन आणि दहा-दहा झेरॉक्स काढा.

सातवी पायरी: फी

प्रवेश झाला की महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज. कुणाला काय मिळतं याचा ढोबळ नकाशा असा. अनुसूचित जातीच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यात फी आणि निर्वाह भत्ता. खुल्या गटात आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मुलांना शिक्षण शुल्काच्या निम्मी. मुलींसाठी मोठा बदल जुलै २०२४च्या शासन निर्णयानं झाला: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. खाजगी अभिमत आणि खाजगी विद्यापीठांना हे लागू नाही. विकास शुल्क, वसतिगृह, मेस यांचे पैसेही यात येत नाहीत. "मुलींना सगळं फुकट आहे" असं ऐकून आलेल्या बापाला हा फरक आधीच सांगा, नाहीतर कॉलेजच्या काउंटरवर त्याला कमीपणा वाटतो.

अर्ज भरून काम संपत नाही. तो आधी कॉलेजचा कारकून तपासतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे. मध्येच त्रुटी काढून परत पाठवला जातो आणि मुलाला कुणी कळवत नाही. दर सोमवारी लॉगिन करून स्थिती पाहायची, हे वहीत लिहा.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत एक खाचखळगा आहे. केंद्राचा ६० टक्के वाटा थेट मुलाच्या खात्यात येतो, त्यात कॉलेजच्या फीचे पैसेही असतात, आणि ते सात दिवसांत कॉलेजला भरायचे असतात. घरात त्याच आठवड्यात कुणी आजारी असतं, सावकार दारात असतो, पैसे मोडतात. मग वर्षअखेरीला कॉलेज परीक्षेचा फॉर्म अडवतं. पैसे येण्याआधीच घरात बसून हे समजावून सांगा: यातले एवढे कॉलेजचे, एवढे तुझे.

एवढं करूनही कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नसतं. नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराविना कर्ज मिळतं, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. कॉलेज त्या यादीत आहे का ते पाहा. सावकाराचे किंवा मुकादमाचे पैसे उचलून फी भरू देऊ नका. त्या उचलीत पुढच्या हंगामाला मूलच कामावर जातं.

आठवी पायरी: राहणं, जेवण आणि पहिले चार महिने

माझ्या अनुभवात मुलं कॉलेज सोडतात ती फीमुळं कमी आणि खोली-मेसमुळं जास्त.

पहिला प्रयत्न सरकारी वसतिगृहाचा. समाजकल्याण, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाची वसतिगृहं आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. जागा न मिळाल्यास रोख मदतीच्या योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी २०१६-१७पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६०,००० रुपये ठरलेत: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. इतर महापालिका शहरांत ५१,००० आणि बाकी जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,०००. नोंदणीकृत मजुरांच्या आणि अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता वेगळा आहे.

स्वयंसेवी वसतिगृहंही शोधा. पुण्यात १९५५पासून विद्यार्थी साहाय्यक समिती गावाकडच्या मुलामुलींना अल्प खर्चात राहण्याजेवण्याची सोय देतेय. तिथं मुलाखत असते, तिच्या तारखा जूनच्या आसपास पाहत राहा. विद्यापीठांत कर्मवीरांच्या नावानं चालणारी 'कमवा आणि शिका' योजना आहे. ग्रंथालयात किंवा कार्यालयात रोज थोडे तास काम आणि तासाचे पैसे. मुलं ती हसतमुखानं करतात, कारण तो पैसा त्यांच्या स्वतःच्या कष्टाचा असतो.

पण या सगळ्या योजनांचा पैसा हप्त्यानं आणि उशिरा येतो. मूल ऑगस्टमध्ये शहरात जातं आणि पहिला हप्ता कित्येकदा वर्ष सरताना दिसतो. मधल्या काळाचं काय? तुमच्याकडे देणगीदार असतील, मित्रमंडळींकडून पैसे जमत असतील, तर ते फीत घालू नका. फीसाठी सरकार आहे. तुमचा पैसा इथं घाला: खोलीची अनामत, चार महिन्यांची मेस, गादी, बादली, लॅबचा कोट, ड्रॉइंगचं साहित्य, जुना चालू लॅपटॉप, येण्याजाण्याचं एसटी भाडं. हा आकडा त्या शहरात शिकणाऱ्या तुमच्याच आधीच्या मुलाला फोन करून काढा. त्या बापानं मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या यादीत आहे.

नववी पायरी: पोचवल्यानंतर

शक्य असेल तर पहिल्यांदा सोबत जा. गावातून एकटी निघालेली पोर कॉलेजच्या गेटवरच्या वॉचमनशीही बोलायला घाबरते. वसतिगृहाच्या रेक्टर, शिष्यवृत्ती विभागाचा कारकून, आणि त्याच तालुक्यातलं एखादं वरच्या वर्गातलं पोरगं, या तिघांशी तिची ओळख करून द्या आणि मगच परतीची गाडी धरा.

पहिल्या सहामाहीत गणिताचा एखादा विषय राहतो. चांगल्या गुणांची सवय असलेल्या मुलाला तो मोठा धक्का असतो आणि ते घरी सांगत नाही. एटीकेटी (राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्गात जाणं) म्हणजे काय, ती कशी सुटते, शिष्यवृत्तीवर तिचा काय परिणाम होतो, हे निकालाच्या आधीच बोलून ठेवा. आमच्या एका मुलानं नापास झाल्याच्या लाजेनं फोनच बंद केला आणि थेट बापाच्या टोळीत जाऊन उभा राहिला. त्याला आणायला आम्ही दोघी फडावर गेलो होतो. पाचटात बसून बोललो, दुसऱ्या दिवशी तो परत गेला.

शिष्यवृत्तीचं नूतनीकरण दरवर्षी भरावं लागतं, नवा उत्पन्नाचा दाखला लागू शकतो, आणि ते मूल विसरतं. वहीत पुढच्या तीन वर्षांच्या जुलै महिन्यावर खूण करून ठेवा. त्या महिन्यात फोन करा. आधी मेसचं जेवण कसं आहे ते विचारा, मग नूतनीकरणाचं.